सकाळची कानस

भावजयीने हत्यारांची यादी केली तेव्हाच ताईच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. यादी म्हणजे वहीचं अख्खं पान, वर तारीख, खाली दुहेरी रेघ. बावीस वर्षं ताई दुकानातल्या टेबलाशी बसून सोल्डरचे टाके मारत होती आणि बाजारात जाताना तिने कधी चिठोरंसुद्धा बरोबर नेलं नव्हतं. सोल्डरिंगला लागतं काय? एक तापणारं आयर्न, एक तारेचं भेंडोळं, एक पेस्टची डबी, एक कानस आणि हात. पहिल्या चार गोष्टी दुकानात मिळतात, पाचवी मिळत नाही, असं ती म्हणायची, आणि म्हणताना भावजयीच्या हातांकडे बघायची.

भावजयीचे हात तसे वाईट नव्हते. हेच तर ताईच्या डोळ्यांत खुपायचं.

दुकान बाबांचं, विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचं. पुढे काउंटर, मागे लांबट खोली, खिडकीखाली जाड फळीचं टेबल. बाबा गेल्यावर काउंटर धाकट्या भावाकडे आलं आणि टेबलामागची हातांची खुर्ची ताईकडे. भावाचे हात थरथरायचे, त्याला टाका कधी जमला नाही. ताईचं लग्न झालं नाही, करायचं राहून गेलं म्हणा किंवा तिने राहू दिलं म्हणा. ती खुर्ची हाच तिचा संसार होता, आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला दुकानातले लोक, गिऱ्हाइकं, समोरचा घड्याळवाला, सगळे ‘उस्ताद’ म्हणत. मग चार महिन्यांपूर्वी भावाने लग्न करून ही आणली. शिकलेली. दोन वर्षं एका कारखान्यात सर्किट बोर्ड जोडलेली. आल्याच्या आठव्या दिवशी तिने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्टूल ओढलं आणि तिसऱ्या आठवड्यात ताईची पेस्टची डबी कचऱ्यात टाकली.

“यात आम्ल असतं, ताई. पत्रा सांधायला ठीक आहे. बोर्डावर लावली तर वर्षभरात तारा हिरव्या पडून तुटतात.”

दुसऱ्या दिवशी भावजय जेवायला गेली तेव्हा ताईने तिच्या बारीक सोल्डर तारेचं नवं भेंडोळं घेतलं आणि कातरीने बोटाबोटाएवढे तुकडे करून डबीत भरून ठेवलं. त्यावरून असं वाजलं की समोरचा घड्याळवाला शटर अर्धं ओढून ऐकत बसला. शेवटी भावाने, जो आयुष्यात कधी कुणाला चढ्या आवाजात बोलला नव्हता, काउंटरवर हात आपटला.

“बास! आजपासून एकच नियम. दुसरीच्या हत्याराची जी मुद्दाम नासधूस करेल, ती टेबल सोडेल. पुढे येऊन माझ्याबरोबर काउंटरवर बसेल. मग ती कुणीही असो. बायको असो, बहीण असो.”

बहीण म्हणताना त्याने ताईकडे पाहिलं नाही, पण ते कुणाला उद्देशून होतं हे भिंतीवरच्या पालीलाही कळलं असेल. म्हणजे आता खुर्ची जायची भीती होती, आणि ती भीती ताईच्या उशाला येऊन बसली.

त्यातच वृद्धाश्रमाचं काम आलं. चाळीस डब्या बनवायच्या होत्या. बिछान्याशेजारी ठेवायची छोटी डबी, बटण दाबलं की नर्सच्या खोलीत घंटा वाजेल अशी. आत नखाएवढा बोर्ड आणि मुंगीच्या पायांसारखे पाय असलेले सुटे भाग. जुन्या आयर्नने ते जमणार नाही, असं भावजय म्हणाली. ताईलाही ते मनातून पटलं होतं, कारण हल्ली तो मुंगीचा पाय तिला एकाऐवजी दीड दिसायचा. पण हे ती कुणाला सांगणार? भावाने दोघींना मिळून हत्यारं आणायला पाठवलं. मिळून! दोघी रस्त्याने दहा पावलांचं अंतर ठेवून गेल्या.

हत्यारांच्या दुकानातला टक्कल पडलेला दुकानदार ताईला बावीस वर्षं ओळखत होता. ती आली की न विचारता माल काढायचा.

“या उस्ताद. नेहमीचंच ना?”

“नेहमीचं. साठ वॉटचं.”

“साठ वॉटने काय पाण्याच्या टाक्या सांधायच्यात?” भावजय मागून म्हणाली. “बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उखडून हातात येईल. काका, उष्णता कमी-जास्त करता येईल असं आयर्नचं स्टेशन दाखवा.”

दुकानदाराच्या डोळ्यांत चमक आली. त्याने एक सोडून तीन खोकी काढली आणि तिन्ही भावजयीसमोर मांडली. ताई त्याच्याकडे बघत राहिली. बावीस वर्षांची ओळख तीन खोक्यांत निकालात निघाली होती.

“तार?” त्याने विचारलं, तेही भावजयीलाच.

“जाड,” ताई म्हणाली.

“बारीक,” भावजय म्हणाली. “पाऊण मिलिमीटरच्या आतली. आत राळ भरलेली.”

“आणि त्यात कथील किती, शिसं किती?”

“साठ-चाळीस,” दोघी एकदम म्हणाल्या, आणि एका तोंडाने बोललो म्हणून दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं, जणू दुसरीने पाकिटात हात घातला होता.

मग आलं बिट. म्हणजे आयर्नचं टोक, जे प्रत्यक्ष टाक्याला लागतं ते. भावजयीने सुईसारखं निमुळतं उचललं.

“ते शोभेला ठेव,” ताई म्हणाली. “सुईच्या टोकात उष्णता मावते कुठे? तापेल मागे आणि टाका राहील गार. ते चपटं घे, छिन्नीच्या तोंडाचं.”

“बारीक कामाला बारीक टोक लागतं.”

“बारीक कामाला अक्कल लागते.”

दुकानदार खाकरला. “उस्ताद म्हणतायत ते बरोबर आहे हो. सगळे आधी सुई नेतात आणि आठवड्याने छिन्नी न्यायला येतात.”

भावजयीचा चेहरा उतरला. तिने सुई ठेवली, छिन्नी घेतली आणि एक जास्तीची छिन्नीही पिशवीत टाकली. त्या दिवशी घरी येताना ताई पुढे होती आणि अंतर वीस पावलांचं होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती बाबांच्या कानशीची.

बाबांच्या काळी बिट निव्वळ तांब्याचं असे. दिवसभर तापून ते काळं पडे, सोल्डर त्याचे चावे घेई, टोकाला खड्डे पडत. म्हणून रोज सकाळी पहिलं काम कानशीचं. बिट घासायचं, लाल तांबं दिसेपर्यंत घासायचं, मग राळेत बुडवून टोकाला सोल्डरचा चकचकीत थर चढवायचा. ज्याचं त्याचं बिट ज्याने त्याने घासायचं, हा दुकानाचा रिवाज. पण बाबा सगळ्यांच्या आधी येत, आणि कधीतरी, वर्षा-दोन वर्षांतून एकदा, एखाद्या कामगाराला सकाळी आपलं बिट आधीच घासून तयार मिळे. बाबा त्यावर अवाक्षर काढत नसत. पण अख्ख्या खोलीला कळे की हा आता कारागीर झाला. ताईला ती सकाळ सहा वर्षांनी मिळाली होती. तिने ते चकचकीत टोक पाहिलं, बाबांकडे पाहिलं, बाबा वर्तमानपत्र वाचत होते. ती मोरीत जाऊन रडली आणि डोळे धुऊन कामाला बसली. तिच्या मागोमाग दोन वर्षं भावानेही टेबलावर हात चालवून पाहिला होता. त्याच्या बिटला बाबांनी कधी कानस लावली नाही.

तर स्टेशन टेबलावर आलं. रविवारी दुकान बंद असताना ताईने एकटीने ते चालू करून पाहिलं. पाहिलं म्हणजे चोरून पाहिलं. उष्णतेचा आकडा साडेतीनशेवर गेला, दिवा स्थिर झाला. तिने टाकाऊ बोर्ड ओढला, मुंगीचा एक पाय निवडला, टोक टेकवलं, तार लावली. लोण्यासारखं सोल्डर वितळलं आणि पायाभोवती बसलं. तिने दुसरा टाका मारला, तिसरा मारला, ओळीने अठ्ठावीस मारले. मग भिंग घेऊन बघितलं. एकही चुकला नव्हता. त्याच भिंगाखाली तिने भावजयीने बनवलेली पहिली डबी उघडून ठेवली. आतले टाके पाहिले. बराच वेळ पाहिले. कुठे जास्तीचा थेंब नाही, कुठे काळा डाग नाही, प्रत्येक टाका आपापल्या जागी बसलेला.

“बया,” ताई मोठ्याने म्हणाली, “हात आहे हिला.”

ऐकायला कुणी नव्हतं म्हणून ती म्हणाली. तिला त्याचा रागही आला. सहा वर्षं तिने घासली होती आणि ही चार महिन्यांत! पण खोटं बोलायचं तर ते माणसांशी, कामाशी नाही, एवढं बाबांनी शिकवलं होतं. सोमवारी ती तासभर आधी आली. खण उघडून तिने बाबांची कानस काढली आणि भावजयीच्या नव्या बिटला लावली. हलक्या हाताने, दोन्ही उतार सारखे ठेवून, कड सरळ राखून, लाल तांबं दिसेपर्यंत. मग राळ, मग सोल्डर. टोक आरशासारखं चमकलं. तिने ते जागेवर ठेवलं आणि आपल्या खुर्चीवर बसून वर्तमानपत्र उघडलं. पानावरचं एक अक्षर तिला दिसत नव्हतं, ती वाचतही नव्हती.

भावजय आली. स्टूल ओढलं. आयर्न उचललं, टोकाकडे बघितलं न बघितलं आणि कामाला लागली.

ताईला वाटलं, कळलं नसेल. मंगळवारी पुन्हा घासलं. बुधवारी घासलं. गुरुवारी भावजय एवढंच म्हणाली, “तुमच्या वर्तमानपत्राचा कागद माझ्या बोर्डावर येतोय.” त्यावर दोघींची पंधरा मिनिटं जुंपली. शुक्रवारी ताईने दातओठ खात घासलं, पण घासलं. हातात घेतलेलं अर्धवट टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं.

पहिल्या पंधरा डब्या शुक्रवारी संध्याकाळी वृद्धाश्रमात गेल्या. शनिवारी सकाळी अकराला भाऊ पिशवी घेऊन परत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने टेबलावर अकरा डब्या ओतल्या.

“काल बसवताना सगळ्या वाजल्या, आज अकरा मुक्या आहेत,” तो म्हणाला. “एक आजी पलंगावरून खाली पडल्या होत्या. तासभर बटण दाबत होत्या. घंटा वाजलीच नाही. झाडूवाली आली म्हणून कळलं.”

“आता कशा आहेत?” भावजयीने विचारलं.

“बऱ्या आहेत. पण तिथली मोठी बाई मला काय काय बोलली ते मी तुम्हाला सांगत नाही.”

ताईने एक डबी उघडली, भिंगाखाली धरली आणि तिच्या चेहऱ्यावर, देवाशपथ, आनंद पसरला. टाके भुरकट होते, दाणेदार. सोल्डर नुसतं वर चिकटलं होतं, आत धरलं नव्हतं. उष्णता पोचलीच नव्हती.

“वा! बाईसाहेबांचं स्टेशन! यादी केली, तारीख घातली, रेघ मारली, आणि टाका म्हणजे हा! आण इकडे ते तुझं टोक.” तिने आयर्न ओढून घेतलं. “बघ रे, बघ तुझ्या बायकोची खरेदी. पाच दिवसांत खड्डा पडलाय. हे असं! आतून पोखरलंय. बाबांचं बिट सहा-सहा महिने जायचं, आणि हे म्हणे नवीन! आजी तासभर जमिनीवर पडल्या त्या या दिखाऊ सामानामुळे.”

भावजय उठली. तिने ताईच्या हातातून आयर्न घेतलं, भिंगाखाली धरलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, “याला कानस कुणी लावली?”

ताईची नजर खणाकडे गेली.

“हे तांब्याचं नसतं. आत तांबं, पण वर लोखंडाचा मुलामा असतो. तो आहे तोवर सोल्डर आतल्या तांब्याला शिवत नाही. तो घासून काढला की सोल्डर तांबं खायला लागतं, आणि पाच दिवसांत हे असं होतं. ओल्या स्पंजाने पुसतात याला, नाहीतर पितळेच्या तारांच्या काथ्याने. कानस लावत नाहीत. कधीच लावत नाहीत.” तिचा आवाज चढला. “अहो, तुमचा नियम होता ना? विचारा यांना. विचारा!”

ताई उभी होती ती उभीच राहिली. लोखंडाचा मुलामा. हे तिला माहीत नव्हतं. बावीस वर्षं उस्ताद, आणि पोरीसोरींना ठाऊक असलेली गोष्ट तिला माहीत नव्हती. आणि आजी पडल्या त्या आपल्यामुळे.

भावाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर अजिजी होती.

“ताई, चुकून झालं ना? तुला माहीत नव्हतं, एवढंच ना? तसं म्हण. विषय संपला.”

एक वाक्य बोलायचं होतं. मला माहीत नव्हतं. खुर्ची राहिली असती. पण मग त्या खुर्चीवर जी बसली असती, तिला उस्ताद कुणी म्हटलं असतं? ताईने मान ताठ केली.

“मला सगळं माहीत होतं,” ती म्हणाली. “मुद्दाम केलं. हिची घमेंड उतरवायला केलं. मी उठते. काउंटर तर काउंटर.”

तिने खण उघडला आणि आपला चष्मा, कातर, चिमटा गोळा करायला लागली. भाऊ खाली मान घालून उभा होता.

“खोटं बोलताय तुम्ही,” भावजय म्हणाली.

“तुझ्या तोंडाला कुलूप लाव.”

“नाही लावणार. हे बघा.” तिने आयर्न नवऱ्यासमोर धरलं. “दोन्ही उतार एकसारखे आहेत. कड रेघेसारखी सरळ आहे. वर थर चढवलाय. एकदा नाही, रोज घासलंय. कुणाचं वाटोळं करायचं असेल तर एक पक्कड पुरते, इतकं जीव लावून कुणी घासत नाही. मला नासधूस कळते, मी यांची चार महिने सोसलीय. ही नासधूस नाही. यांना ठाऊक नव्हतं, बस.”

ताईला वाटलं, हिने आपल्याला भर रस्त्यात उघडं केलं. भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, काउंटरवर ढकललं असतं, ते सगळं तिने हसत सोसलं असतं. ही आपल्याला वाचवत होती. तेही मायेने नाही, काम खोटं सांगितलेलं हिला सहन होत नव्हतं म्हणून. बाबांनाही होत नसे.

“म्हणजे चुकूनच!” भावाने मोठा श्वास सोडला, आणि सोडता सोडता थांबला. त्याने आयर्नकडे पाहिलं. ताईने आधीच येऊन वर्तमानपत्र घेऊन बसणं त्याने पाच दिवस काउंटरवरून पाहिलं होतं, त्याचा अर्थ आत्ता त्याला कळला. “ताई,” तो हळूच म्हणाला, “तू हिच्या बिटला कानस लावलीस? बाबा जसे...”

“गप्प बस!” ताई कडाडली.

“अगं, पण हिला माहीत तरी...”

“एक शब्द बोललास तर मी या दुकानात पाऊल ठेवणार नाही. बाबांची शपथ.”

भावाचे डोळे भरून आले होते. एवढ्याशा डब्यांवरून हा का रडतो, हे भावजयीला कळेना. तिने पिशवीतून दुसरं बिट काढलं, बसवलं, पितळी काथ्याची वाटी ताईसमोर सरकवली.

“असं खुपसायचं. दोनदा. बास. घासायचं नाही.”

“दिसलं,” ताई म्हणाली.

“अकराही पुन्हा करायच्यात. सहा तुम्ही घ्या, पाच मी घेते. आणि एक सांगून ठेवते, ताई. उद्यापासून माझ्या बिटला हात लावायचा नाही.”

ताई खुर्चीवर बसली. चष्मा लावला, भिंग ओढलं, पहिली डबी उघडली.

“नाही लावणार,” ती म्हणाली.

आणि तिने तो शब्द पाळला. पुढे दोघी त्या टेबलाशी कित्येक वर्षं बसल्या आणि जवळपास रोज भांडल्या. ताई रोज तासभर आधी येई, आपल्या नव्या स्टेशनचं बिट काथ्यात खुपशी आणि वर्तमानपत्र उघडी. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भावजयीचं बिट आदल्या दिवशी जसं ठेवलेलं असे तसंच असे.